महादेवापुढची काच

सोमवार, २९ डिसेंबर २०२५

आज सकाळी देवळात बसून महादेवाच्या पुढ्यातली काच वेचली. करवंटीच्या कपच्या एका बाजूला, काचेचे तुकडे दुसऱ्या बाजूला. दसऱ्यापासून ही तिसरी काच.

मुखवटा चांदीचा आहे. गाभाऱ्याच्या दाराशेजारी लाकडी पेटीत उभा असतो. नारळ फोडायचा दगड त्याच्या बरोबर समोर, दोन हातांवर. माणूस नवस फेडताना नारळ जरा जोरातच आपटतो आणि कपची उडते. एकदा देवाच्या नाकाला पोचा आला, तेव्हापासून पेटीला काच. आता जे काय येतं ते काचेला येतं. काच बसवणारा मी. बेंबळीत माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो, दोघांना काच एकच लागते.

कमिटीचे अध्यक्ष हणमंतप्पा शेजारी उभे होते. म्हणाले, बलभीम, तू काचा बसवून दमला न्हाईस, पण देव दमला. शिवरात्रीच्या आत लोखंडी जाळी मारून टाकू.

 आई दर सोमवारी दर्शनाला येते. ऐंशीच्या पुढं आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर नको म्हणाले. काचेतून तिला देवाचं तोंड दिसतं. जाळीतून काय दिसणार?

घरी सांगितलं. हर्षालीची आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, मग दगडच भायेर सरकवा की. मला हसू आलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा दगड तो. देवाच्या नजरेसमोर नारळ फुटला पाहिजे ही रीत आहे. बायकांना सगळं स्वयंपाकघरासारखं वाटतं, डबा या फळीवरून त्या फळीवर.

दगड हलणार नाही. काच हलणार नाही. म्हणजे काचच पक्की झाली पाहिजे.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

देवानं मार्ग दाखवला. नमस्काराला वाकलो तर खिशातला मोबाइल देवळाच्या शहाबादी फरशीवर पडला. उचलून बघतो तर एक रेघ नाही. फरशीवर. पालथा पडला होता.

दुकानात बसून दिवसभर व्हिडिओ पाहिले. मोबाइलची काच म्हणे गरम करून पातळ केलेल्या मिठात बुडवून ठेवतात. आपलं खायचं मीठ नाही, पोटॅशियमचं. काचेत सोडियम असतो, तो अंगानं बारीक. तो बाहेर निघतो आणि त्याच्या जागी पोटॅशियम बसतो, तो जाडजूड. हे मला एका झटक्यात कळलं. एस.टी.च्या बाकावर दोन बारीक माणसं बसलेली असतात. एक उठतो आणि त्याच्या जागी एखादा गलेलठ्ठ पाहुणा बसतो. मग बाक असा गच्च होतो की गाडी खड्ड्यातून गेली तरी कुणी हलत नाही. काचेचं तेच.

भक्तीचंही तेच असावं. मनातलं बारीकसारीक निघालं आणि त्या जागी देव बसला की माणूस तडकत नाही. हा विचार चांगला आहे. कीर्तनकार आले की त्यांना सांगीन.

संकल्प: काच जमेपर्यंत चहा बंद.

शुक्रवार, २ जानेवारी

गवती चहा घेतला. ते गवत आहे.

शनिवार, ३ जानेवारी

पोटॅशियम कुठं मिळणार याचा विचार करत होतो. मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. द्राक्षवाले ठिबकमधून कुठलं खत सोडतात? १३-०-४५. पिशवीवरच्या आकड्यांत शेवटचा आकडा पोटॅशचा, हे आपल्याकडं पोरासोरांना ठाऊक. जे परदेशातल्या कारखान्यात वापरतात ते आमच्या महांतेशच्या कृषी सेवा केंद्रात थप्पी लावून ठेवलेलं असतं.

गेलो तर १३-०-४५ संपलेलं. महांतेश म्हणाला, काका, ०-०-५० न्या की. पंचेचाळीसच्या जागी पन्नास मिळतंय, वर कशाला तोंड वाकडं करताय? बरोबर आहे. पाच जास्तच. कारखानेवाल्यांना हे सुचलेलं दिसत नाही. त्यानं विचारलं, पण तुमी द्राक्षं कधी लावली? मी नुसता हसलो. शोध पुरा होईपर्यंत वाच्यता नको.

त्याच्या दुकानात चहा घ्यावा लागला. दुसऱ्याच्या दारात नाही म्हणणं बरं दिसत नाही.

रविवार, ४ जानेवारी

पहिला प्रयोग. परसातली चूल, पुरण शिजवायचं जाड बुडाचं पातेलं, त्यात पिशवीतली पावडर. पातळ होण्याची वाट पाहिली. झाली नाही. लाकडं वाढवली. नाही झाली. गोवऱ्या घातल्या. पावडर जशीच्या तशी, वाळूसारखी. व्हिडिओतली पाण्यासारखी होते. पण त्यांची पंचेचाळीसची आहे, आपली पन्नासची. ताकदीचा माल उशिरा पाघळतो. चांगलं तूपही असंच.

मग तशीच काच त्यात पुरली. ताबडतोब ताड असा आवाज.

कारण सापडलं. काच थंड होती. थंडीचे दिवस आहेत.

हर्षालीची आई म्हणाली, पुरणाचं पातेलं हाय ते. मी म्हणालो, देवाचं काम आहे. ती म्हणाली, देवाला पुरणबी लागतं.

मंगळवार, ६ जानेवारी, संध्याकाळी

जमलं.

काच आधीच पावडरीत ठेवली आणि मग खाली जाळ केला, हळूहळू, जसं दूध तापवतात. दिवसभर मंद आच. दुकान बंद ठेवलं. संध्याकाळी निवल्यावर काढली तर अखंड. वरून पांढुरकी झाली होती, पण फडक्यानं पुसली की लख्ख. आणि मग कमरेइतक्या उंचीवरून अंगणात सोडली. फुटली नाही. छातीच्या उंचीवरून सोडली. फुटली नाही. डोक्यावरून सोडली. नुसती थप्प असा आवाज करून पडली आणि पडून राहिली, शहाण्या वासरासारखी.

आईला बोलावून दाखवली. आई म्हणाली, पुन्हा टाक बरं. पुन्हा टाकली. आईनं हात जोडले.

हर्षालीची आई म्हणाली, अंगण कालच सारवलंय, शेणाचा हातभर थर हाय, त्यावर काय फुटतंय. आणि हातातली एक बांगडी काढून तिनं टाकली. तीही फुटली नाही. क्षणभर मी विचारात पडलो. मग डोक्यात उजेड पडला. दिवसभर ती चुलीपाशीच वावरत होती. तिच्या बांगड्यांना वाफ लागलेली. म्हणजे नुसत्या वाफेनंही काम होतं. हे तर व्हिडिओतही नाही.

हे तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. अभिमान वाटला असावा.

शनिवार, १० जानेवारी

हर्षालीचा फोन. धाराशिवला बी.एस्सी. करते, केमिस्ट्री घेऊन. आईनं तिला सगळं सांगितलेलं दिसतं. तिनं विचारलं, बाबा, ते पाण्यासारखं पातळ झालं होतं का? मी म्हणालो, होण्याच्या बेतात होतं. ती म्हणाली, बेतात म्हणजे? इथं रेंज जरा कमीच असते. मी फोन ठेवला.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

एक छोटी अडचण. वाफेचा शोध पक्का करावा म्हणून वाणासाठी आणलेल्या बांगड्या पातेल्यात ठेवल्या होत्या. पक्क्या बांगड्यांचं वाण या जिल्ह्यात कुणी दिलं नसेल. हळदीकुंकवाच्या दिवशी बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. तर, एक डझन वाढल्या. उरलेल्यांचा हिरवा रंग गेला आणि त्या एकमेकींना चिकटल्या.

हर्षालीच्या आईनं तिळगूळ दिला, पण गोड बोलली नाही.

घरात बायका जमलेल्या. त्यांच्यात चहा नाकारणं जमलं नाही.

रविवार, १८ जानेवारी

नवी पक्की काच देवळात बसवली. कुणाला सांगितलं नाही. काम आपणहून बोलतं. बसवताना मनातल्या मनात म्हणालो, देवा, हिच्यात जाडी माणसं बसवलीत, आता तू फक्त सांभाळ.

सोमवार, १९ जानेवारी

दुपारी आई दर्शनाहून आली. चेहरा उजळलेला. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, आज देव लई साफ दिसला रं. मिशीचा आकडाबी दिसला. म्हटलं, पुढं काच हाय का न्हाय, तेच कळंना.

मला भरून आलं. मोबाइलच्या काचेचंही हेच म्हणतात, असून नसल्यासारखी. कुणा परीक्षकाची गरज नाही. ऐंशी वर्षांच्या अर्ध्या डोळ्यानं दिलेलं सर्टिफिकेट हे.

रात्री जेवण गेलं नाही आनंदानं. येडशीच्या रामलिंगाला, तेरला, सगळ्या देवळांना अशा काचा देईन. फुकट. नुसता बसने जायचा-यायचा खर्च.

मंगळवार, २० जानेवारी

हणमंतप्पा दुकानात आले. म्हणाले, तुझी काच सोमवारी पहिल्याच नारळाला गेली. सकाळच्या आरतीलाच. तुझी आई यायच्या आधी झाडून घेतली, म्हटलं म्हातारीच्या पायाला लागंल.

म्हणजे आईनं पाहिलं तेव्हा काच नव्हतीच.

कारणं दोन. एक, नारळ. आप्पा स्वतःच म्हणाले की हल्ली नारळ जड येतात. दोन, काच बसवताना मी खिळा जरा जास्त दाबला होता. शोधात खोट नाही, खिळ्यात आहे.

आईला सांगितलं नाही. साधी काच बसवून आलो. आप्पा जाताना म्हणाले, जाळीवाल्याला धाराशिवहून बोलावलंय.

रविवार, २५ जानेवारी

हर्षाली घरी आली. आल्या आल्या परसात गेली, पिशवी उलटीपालटी करून पाहिली आणि तिथंच उकिडवी बसून हसायला लागली. इतकी हसली की तिची आई बाहेर आली.

तिचं म्हणणं असं. ही पिशवी चुकीची. पोटॅश आहे, पण हे सल्फेट. हे पातळ व्हायला हजार डिग्रीच्या पुढं आच लागते. आपली चूल काय, आख्ख्या गावाच्या चुली एकावर एक ठेवल्या तरी होणार नाही. लागत होतं ते १३-०-४५. मी म्हणालो, मग ते आणतो, महांतेशकडं आता आलंय. तर ती एकदम गंभीर झाली. म्हणाली, ते गोवऱ्यांजवळ आणि जाळाजवळ न्यायचं नाही, भडका उडंल. कारखान्यात त्याला वेगळ्या भट्ट्या असतात. आणि शेवटी माझा हात ओढून आजीच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली.

आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. मोडता येत नाही.

शिवाय ती म्हणाली, आजवर तुमी काच नुसती भाजली, बाबा. वांग्यासारखी.

तिचं शिक्षण अजून पुरं व्हायचं आहे. तरी शपथ ती शपथ. पण आधीच भाजलेल्या, म्हणजे तयार झालेल्या, काचांतली एक शिल्लक आहे. सगळ्यांत जास्त वेळ ठेवलेली. तिच्याबद्दल शपथेत काही नव्हतं.

उरलेली पावडर हर्षालीच्या आईनं भोपळ्याच्या वेलाला घातली.

सोमवार, २ फेब्रुवारी

जाळीवाल्यानं नमुना आणून बसवला. हिरवा रंग, बोटभर भोकं. आप्पांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, बघ, मजबूत हाय. हत्ती आला तरी वाकत न्हाय.

मी म्हणालो, हत्ती नारळ फोडत नाही.

तेवढ्यात आई आली. नेहमीच्या जागी उभी राहिली. पदर सावरला, मान पुढं केली, डावीकडं सरकली, उजवीकडं सरकली. मग मला म्हणाली, देव कुठं नेला रं?

मी म्हणालो, तिथंच आहे, जाळीच्या मागं.

ती म्हणाली, मला नुस्ती चौकटी-चौकटी दिसतीया. मग हात जोडले आणि म्हणाली, असू दे. त्याला मी दिसते की.

आप्पांनी जाळीकडं बघितलं. मी फरशीकडं बघितलं.

आज दुसरं काही लिहीत नाही. चहा तीनदा झाला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

निर्णय. आप्पांच्या दुकानात जाऊन सांगितलं, एक संधी द्या. सोमवारी सगळ्यांसमोर परीक्षा घ्या. शिल्लक काच बसवतो, तुमच्या हातानं नारळ फोडा. टिकली तर जाळी नको. फुटली तर मी स्वतः जाळीचे स्क्रू पिळीन.

आप्पा साखरेचं पोतं शिवत होते. म्हणाले, बलभीम, तुझी आई ती माझी मावशी. मलाबी ती जाळी गोड लागंना. पण देवाच्या नाकाला दुसऱ्यांदा पोचा आला तर लोक मला धरतील. सोमवारी ये.

मनात एक शंका येत होती, हर्षालीची वांगी. ती बाहेर काढली. तिच्या जागी श्रद्धा बसवली.

सोमवार, ९ फेब्रुवारी

जे झालं ते झालं तसं लिहितो.

देवळात पंधरा-वीस माणसं होती. सोमवारची नारळांची रांगही होती. जाळीचा नमुना काढून बाजूला ठेवलेला, आप्पा नारळ घेऊन दगडापाशी उभे. काच अजून माझ्या हातात, फडक्यात गुंडाळलेली. मला वाटलं, लोकांची आधी खात्री पटवावी. म्हणालो, नारळाच्या आधी मी ही नुसती खाली टाकून दाखवतो. आप्पा म्हणाले, नको. मी म्हणालो, तुम्ही बघाच. आप्पा म्हणाले, अरं, नको म्हणतोय ना. मी म्हणालो, घरी डोक्याच्या उंचीवरून टाकलीय.

कमरेच्या उंचीवरूनच टाकली.

ती फरशी शहाबादी आहे. घरचं अंगण शेणाचं आहे. हे मला काच हातातून सुटल्यावर आणि खाली पोचण्याच्या आत कळलं.

मोबाइलसुद्धा त्या दिवशी कव्हराच्या कडांवरच टेकला असावा. कव्हर रबरी आहे.

काच दगडाच्या चारी बाजूंना, पार पेटीपर्यंत पसरली. आप्पा नारळ हातात धरून तसेच उभे. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. फक्त आई म्हणाली, काय पडलं रं?

सगळे अनवाणी. दगडापाशी पाय टाकायला जागा नाही. मागं नारळवाली रांग. कुणी पुढं येईना, कुणी मागं जाईना. मग हर्षालीची आई रांगेतून निघाली, मंडपाच्या पायऱ्या उतरून बाहेर नंदीपाशी गेली, गाभाऱ्याकडं तोंड केलं, म्हणाली, देवा, हितनंबी दिसतंय न्हवं, आणि पायरीवर नारळ फोडला. फटकन दोन भाग. पाणी नंदीच्या खुरांवर.

तिच्यामागची बाई गेली. तिच्यामागचा माणूस गेला. मी काच वेचून होईतो सगळी रांग बाहेर नारळ फोडून मोकळी झाली. कुणी रीत विचारली नाही. नंदी देवाच्या नजरेसमोरच बसलेला असतो, हे आम्ही सगळे जन्मापासून बघतोय.

आप्पांनी शेवटी हातातला नारळ बाहेर नेऊन फोडला. मग मला म्हणाले, जाळीचं शिवरात्रीनंतर बघू.

बुधवार, ११ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला आणि मला एक कल्पना सुचली. दगडच बाहेर सरकवावा.

हर्षालीच्या आईला सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर उलटली. काही म्हणाली नाही. कल्पना नवी असली की लोकांना लगेच बोलता येत नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

दगड हलवला. आप्पांनी आधी पंचांग बघितलं, मग पहार आणली. मी पाया पडून घेतलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा दगड, हात लावताना अंगावर काटा आला. पहारीनं उचकटला, दोघांनी मिळून पालथा केला.

खालच्या अंगाला पिवळा रंग होता आणि काळ्या अक्षरांत येडशी असं लिहिलेलं. त्याखाली किलोमीटरचा आकडा.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. मीही वाचलं. रस्ता रुंद झाला तेव्हाचा असणार. कुणीतरी चपटा बघून आणला असंल, आप्पा हळूच म्हणाले. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, नंदीपाशी बसवताना अक्षरं खालीच ठेव.

ठेवली. पेटीला साधी काच लावली, दुकानातली, न भाजलेली. जाळी आप्पांनी त्यांच्या गोडाऊनच्या खिडकीला मारली, उंदरांसाठी.

रविवार, १५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

दिवसभर नारळ. नंदीपाशी नुसता पाऊस. काचेला ओरखडा नाही. सायंकाळी दोघं-तिघं म्हणाले, बलभीमची काच पक्की निघाली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात प्रसादाची खिचडी आली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आई दर्शनाहून आली. ओट्यावर टेकली. मी विचारलं, देव दिसला ना? म्हणाली, दिसला की. पण त्या एका सोमवारी दिसला तसा न्हाय. त्या दिशी मिशीचा आकडासुदीक दिसला होता. आता माझी नजर गेली असंल.

तिची नजर गेलेली नाही, हे मला एकट्यालाच ठाऊक.

 काच होती ती नारळासाठी. नारळ आता बाहेर. चोराचिलटासाठी मंडपाला कुलूप आहेच. मग माझी काच तिथं कुणासाठी उभी आहे?

दुपारी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, तुझाच धंदा बुडतोय, तुझं तू बघ.

स्क्रू काढले. काच काढली. देवाचं तोंड मोकळं झालं. नाकावरचा जुना पोचाही दिसला, तो बरा दिसतो. आईला हाताला धरून पुन्हा घेऊन गेलो. ती उभी राहिली. मान पुढं करावी लागली नाही. नुसती हसली, आणि मी तिच्या मागं उभा राहिलो.

घरी आल्यावर वेलाचा पहिला भोपळा कापलेला. हर्षालीच्या आईचं म्हणणं, एवढा मोठा कधी आला न्हवता. निदान काहीतरी पक्कं झालं.

काढलेली काच दुकानात न्यायला घेतली, तर अंगणातच हातातून निसटली. डोक्याच्या उंचीवरून नाही, पण खांद्याच्या नक्की. आणि साधी काच, न भाजलेली. फुटली नाही.

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. चहा घेतला, आणि नाही सांगितलं.